घरटी एक देश

सटवाजी वाव्हळ रोज आठ मैल चालायचा आणि संध्याकाळी जिथून निघाला तिथंच असायचा. पेडगाव टेसनापासून मानवतच्या अंगाला चार मैल जायचं, चार मैल यायचं. तो रेल्वेत चावीवाला होता. खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा, काखेत लाल-हिरवी झेंडी, आणि रूळ जिथं लोखंडी चावीनं आवळलेला आहे तिथं एक टोला. खण्ण वाजलं की पुढं. बद्द वाजलं की थांबायचं, चावी ठोकून बसवायची. वीस वर्षांत त्याचा कान असा तयार झाला होता की बाजारात मडकं घ्यायचं तर टाकळवाडीच्या बाया त्याला वाजवून बघायला बोलावत.

टाकळवाडी टेसनापासून कोसभर आत. सटवाजीच्या घरासकट एकोणपन्नास उंबरे. छप्पन साली सटवाजीच्या बापानं गावकीची काठी पाटलाच्या ओट्यावर नेऊन ठेवली, आणि दारोदार भाकरी मागायची टोपली चुलीत घातली. ती टोपली जळताना सटवाजी समोर उभा होता, पंचविशीचा. तेव्हापासून तो कुणाच्या दारात काही मागायला गेला नाही. मीठ संपलं तर आळणी खाल्लं, पण बायकोला, धुरपताबाईला, शेजारी वाटी घेऊन जाऊ दिलं नाही. गावातली माणसं थट्टेनं म्हणत, सटवाजीला तहान लागली तरी तो विहिरीकडं पाणी मागत नाही, हुकूम सोडतो.

त्याचा एकुलता पोरगा चंद्रभान औरंगाबादला मिलिंद कॉलेजात शिकला, पुढं हैदराबादला गेला, आणि आता गोव्याला समुद्राच्या तळाचा अभ्यास करणाऱ्या दफ्तरात होता. तो दिवाळीला आला तेव्हा सटवाजीनं त्याला नीट विचारून घेतलं होतं.

"तळ कुनाला दिसतच न्हाई, तर तुला कसं कळतंय रे?"

"बाबा, चावी ढिली हाय हे तुमाला कसं कळतंय?"

"वाजिवल्यावर."

"आमी बी वाजिवतो. जहाजातून आवाज सोडायचा, तळाला आदळून परत आला की ऐकायचा."

सटवाजीनं समाधानानं मान डोलावली. म्हणजे पोरगं बापाच्याच धंद्यात होतं, फक्त रूळ ओला होता.

मग चंद्रभाननं आणखी सांगितलं. समुद्राच्या तळाला एक लांबच लांब भेग आहे. तिच्यातून तापलेला दगड वर येतो, थिजतो आणि दोन्ही अंगाला सरकत जातो. पृथ्वीची उत्तर-दक्षिण लाखो वर्षांनी उलटी होते, आणि थिजताना त्या वेळची उत्तर-दक्षिण त्याच्या पोटात राहते. जहाज चुंबकाचं यंत्र दोरीनं मागं ओढत नेतं, गाईमागं वासरू जावं तसं, आणि दगडाची ती आठवण कागदावर रेघांनी उतरते. दगड कोनचा, असं सटवाजीनं विचारलं. आपलाच, विहिरीला लागतो तो काळा, असं पोरानं सांगितलं. त्यावर चुलीपासून धुरपताबाई म्हणाली, "मंग त्यासाठी एवढ्या लांब कशाला जायलास, विहिरीत उतर की."

सत्त्याहत्तर सालच्या आषाढात एक पार्सल आलं. बन्सीधर मास्तर गावच्या शाळेत शिकवायचे आणि शाळेच्याच एका खोलीत टपाल सांभाळायचे. त्यांनी सुतळी कापली. आत एकसारख्या पन्नास पातळ वह्या, गुळगुळीत कागदाच्या, इंग्रजीत छापलेल्या. चंद्रभानचा लेख विलायतेच्या मासिकात छापून आला होता आणि त्याच्या ह्या वेगळ्या काढलेल्या प्रती. मास्तरांनी बोट ठेवून नाव दाखवलं. चंद्रभान चार महिने जहाजावर असणार, गोव्याची खोली त्यानं सोडलेली, म्हणून त्यानं घरचाच पत्ता दिला होता. नावाखाली तोही छापला होता: टाकळवाडी, पेडगाव, जिल्हा परभणी.

धुरपताबाईनं त्या अक्षरांवरून हात फिरवला आणि हात पदराला पुसला.

आता एका घरात एकसारखी पन्नास पुस्तकं कुणी कशाला धाडील? वाटायलाच. पोरगं झालं, सून आली, विहिरीला पाणी लागलं की टाकळवाडीत घरटी गूळ वाटायचा रिवाज होता. सटवाजी धुतलेलं धोतर नेसला आणि निघाला. अठ्ठेचाळीस घरं, प्रत्येक घरी गुळाचा खडा आणि एक प्रत. एक प्रत बन्सीधर मास्तरांना, एक पेडगावच्या टेसनमास्तराला. स्वतःच्या घरी एकही ठेवली नाही. "आपल्या घरात सोता पोरगाच हाय," तो धुरपताबाईला म्हणाला, "कागद कशाला?" ज्या दारांत त्याच्या बापानं टोपली धरली होती त्या दारांत तो काहीतरी ठेवून आला होता. त्या दिवशी आठ मैल त्याला दोनच वाटले.

आठ दिवसांनी जपानचं कार्ड आलं. मग हंगेरीचं. मग रशियाहून दोन. मास्तर ती वाचून चकित झाले. सगळ्यांचा मजकूर एकच: आपला लेख वाचायचा आहे, कृपया एक प्रत पाठवावी. आणि त्यांच्यामागून कोचीन बंदरात टाकलेलं चंद्रभानचं पत्र आलं. त्यानं लिहिलं होतं, पन्नास प्रती येतील, त्या जिवापाड जपा. कार्ड येईल त्या माणसाला एकेक पाठवा. माझं काम जगात पोचायचा तेवढा एकच रस्ता आहे. हॅम्बुर्गहून एका प्राध्यापकाचं कार्ड येईल, ते विसरू नका. त्याचं मोठं जहाज जानेवारीत निघणार आहे, जगातून चार तरुण घेणार आहे. दसऱ्याच्या आत त्याच्या हातात लेख पडला तर माझी जागा, नाहीतर नाही.

सटवाजी मास्तरांच्या खोलीतून उठला. त्यानं स्वतःच्या हातानं पोराची वाट अठ्ठेचाळीस घरांत वाटून टाकली होती. परत आणायची तर अठ्ठेचाळीस दारांत जाऊन मागायची.

दोन दिवस त्याला सगळ्याच चाव्या बद्द वाजल्या. एकदा तर चांगली बसलेली चावी त्यानं काढून पुन्हा ठोकली. धुरपताबाई म्हणाली, मी जाते, मी आणते. तो म्हणाला, "तू मागितलं म्हंजी म्याच मागितलं."

तिसऱ्या सकाळी तो जपानचं कार्ड खिशात घालून व्यंकटरावाच्या किराणा दुकानात गेला. कार्ड गल्ल्यावर ठेवलं.

"व्यंकटराव, ह्यो जपान तुमचा. तुमच्या घरात जी वही हाय ती ह्या मानसाला वाचायची हाय. पाकिटावर तुमचं नाव घाला अन् धाडा."

"मह्या घरातली?"

"तुमच्याच घरातली."

व्यंकटरावानं कार्ड उलटंपालटं केलं, तिकिटावरचा पक्षी बघितला, आणि दुकान बायकोवर टाकून मास्तरांकडं गेला. दुपारपर्यंत गावभर झालं की व्यंकटरावाला जपान मिळाला. संध्याकाळी सटवाजीच्या दारात चार जण येऊन बसले, आमच्या वाट्याला कोणता देश म्हणून.

मग रीतच पडली. सटवाजी कार्ड नेऊन द्यायचा, घरचा माणूस प्रत काढायचा, मास्तर पाकिटाच्या मागं त्या घराचं नाव इंग्रजीत लिहायचे, तिकीट ज्याचं त्यानं लावायचं. विहिरीवर बाया एकमेकींना विचारू लागल्या, "तुमाला कोनचा आला ओ?" रुख्मिणीला रशिया मिळाला तर तिच्या जावेनं आठ दिवस अबोला धरला, कारण तिला नुसतं मद्रास आलं होतं. प्रतींचं म्हणाल तर एक पोराच्या पुस्तकाला कव्हर झाली होती, एक उंदरानं खाल्ली होती, एकीवर पापड वाळले होते. पापडाची मास्तरांनी झटकून ब्राझीलला लावून दिली. फार बिघडलेल्या बाजूला काढल्या.

पण हॅम्बुर्ग येईना. श्रावण सरला. चांगल्या प्रती, मास्तरांची आणि टेसनमास्तराचीसुद्धा, देशोदेशी गेल्या. मास्तरांनी हिशोबानं एकच राखून ठेवली होती, ती दत्तराव पाटलाची. पाटलानं ती मिळाल्या दिवशीच कपाटात घालून कुलूप लावलं होतं, तिचं पानसुद्धा उलटलेलं नव्हतं. मास्तर म्हणाले, ती हॅम्बुर्गची.

पोळा होऊन आठवडा झाला आणि कार्ड आलं. सटवाजी तडक पाटलाच्या ओट्याखाली जाऊन उभा राहिला. छप्पननंतर तो पाटलाला मालक म्हणत नव्हता, दत्तराव म्हणायचा, आणि पाटलाला ते एकवीस वर्षांत अंगवळणी पडलेलं नव्हतं.

"दत्तराव, तुमचा हॅम्बुर्ग आला."

पाटलानं पानाला चुना लावला. त्याला चंद्रभानचं पत्र माहीत होतं. गावात कुणाला माहीत नव्हतं?

"वही देतो की. पन सटवाजी, दिलेली चीज माघारी पायजे तर मागावं लागतंय. तू माग, मी देतो."

"म्या मागाया न्हाई आलो. तुमचा देश द्यायला आलो."

"मागायला काय जिभेला काटा टोचायलाय? तुहा बाप ह्याच वट्ट्याखाली..."

पाटलानं वाक्य अर्ध्यात सोडलं. सटवाजीनं कार्ड खिशात घातलं. "ऱ्हाऊ द्या," एवढं म्हणून तो वळला. ओट्यापासून मास्तरांच्या खोलीपर्यंत शंभर पावलं असतील. त्यात त्याला चंद्रभानचा चेहरा दोनदा दिसला आणि दोन्ही वेळा त्यानं मागं वळून पाटलाच्या घराकडं बघितलं. पण पाय पुढंच गेले.

मास्तरांच्या दारात मनकर्णा मावशी भांडत बसली होती. सत्तरीची एकटी विधवा, दीड एकराची धनीण. तिला आजवर देश मिळाला नव्हता, कारण तिची पाळी पोळ्यानंतर आली, आणि तोवर बिघडलेली तिची प्रत मास्तरांनी बाद केली होती.

"समद्या गावाला देश, अन् मलाच न्हाई व्हय? म्या गूळ खाल्ला न्हाई का?"

सटवाजीनं मास्तरांना पाटलाचं सांगितलं आणि तिची प्रत हातात घेतली. तिसऱ्या आकृतीत समुद्राचा तळ होता: मधोमध भेग आणि दोन्हीकडं पट्ट्यांमागून पट्टे, नांगरलेल्या रानासारखे. आणि त्या पट्ट्यांवर, भेगेपासून बाहेरच्या अंगाला चाललेली, गेरूनं काढलेली एक बैलजोडी. शिंगांना गोंडे, पाठीवर झूल.

"तास पडल्यात, पन बैलच न्हाईत," मनकर्णा म्हणाली. "मला ते बघवंना. पोळ्याला भितीवर काढले, तवा उरलेल्या गेरूत हितं बी काढले."

मास्तर म्हणाले, शास्त्राच्या लेखावर बैल काढून प्राध्यापकाला पाठवला तर चंद्रभानचं हसं होईल. पाटलाचं मी बघतो, मी मागतो. सटवाजी प्रत उन्हात धरून उभा राहिला.

"मास्तर, वही मही हाय म्हनून गुंता हाय. तुमी मागितलं तरी त्यो म्याच मागितलं आसं धरणार. ह्यातलं एखादं अक्षर पुसलंय का?"

"अक्षर एकही पुसलं नाही."

"मंग धाडा. मनकर्णा मावशीचं नाव घाला. बैलानं कुनाचं वाईट झालंय?"

हे तो म्हणाला खरा, पण दसरा गेला तरी रोज संध्याकाळी तो मास्तरांच्या खोलीवरून वाट वाकडी करून घरी येत होता. 

दिवाळीला तीन दिवस असताना पाकीट आलं, मनकर्णा मावशीच्या नावानं. टाकळवाडीत विलायतेहून कुणाच्या नावानं आलेलं ते पहिलं पाकीट. म्हातारीनं ते आधी डोळ्यांना लावलं, मग मास्तरांपुढं ठेवलं. सगळा गाव शाळेच्या अंगणात. मास्तर एकेक ओळ मराठीत करून सांगू लागले.

प्राध्यापकानं लिहिलं होतं, बाई, तुम्ही पाठवलेली प्रत पोचली. माझ्या कपाटात असे शेकडो लेख आहेत, पण बैल एकावरही नाहीत. मी ती तिसरी आकृती माझ्या विद्यार्थ्यांना दाखवली. नवा दगड भेगेत जन्मतो आणि बाहेर सरकतो. तुमचे बैल त्याच दिशेनं चालले आहेत. निम्म्या विद्यार्थ्यांना हे समजायला मला वर्ष लागतं. श्री. वाव्हळ यांना जहाजावर जागा दिल्याचं पत्र मी वेगळं धाडलं आहे.

धुरपताबाई हसायला लागली. मनकर्णा मावशीला कौतुकाचं काही कळेना. बैल मधूनच बाहेर जाणार, असं ती म्हणाली, बांधावर चढवायचेत का काय.

दुसऱ्या दिवशी सटवाजी कामावरून आला तर दारात बाजेवर दत्तराव पाटील बसलेला. ह्या घराच्या बाजेवर तो जन्मात बसला नव्हता. धुरपताबाईनं चहा दिला होता, कप अर्धा रिकामा होता. शेजारी रुमालात गुंडाळलेली कोरी करकरीत प्रत. पाटलानं पावसाची गोष्ट काढली, कापसाची काढली, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, पुन्हा घातली.

"सटवाजी," तो शेवटी म्हणाला, "ते कार्डं... समद्या गावानं... मपल्याकडं वही तशीच पडून हाय. एखादं उरलं आसंल तर मला..."

सटवाजीच्या कानाला पुढचं आधीच ऐकू आलं होतं. त्यानं ते मागणं पाटलाच्या तोंडातून येऊ दिलं नाही. घाईनं कोनाड्यात हात घातला, कालच आलेलं कार्ड काढलं आणि पाटलाच्या हातात ठेवलं.

"घ्या दत्तराव. ह्यो कॅनडा. तुमच्यासाठीच ठिवला व्हता."