नानांनी काढून टाकलेलं पान

चाळीसगावचे जीवराम बागूल, आम्हा सगळ्यांचे नाना, टेलिफोन खात्यात तीस वर्षं लाइनमन होते. निवृत्त झाल्यावर माणूस नातवंडं खेळवतो. यांनी परीक्षा देऊन हौशी रेडिओचा, म्हणजे घरून बिनतारी संदेश पाठवण्याचा, परवाना काढला आणि गच्चीवर तारा ताणल्या. त्यांच्या पत्नी वच्छलाबाई म्हणायच्या, "तीस वरीस खांबवर चढनात, आते गच्चीवर चढतस."

माझी त्यांची ओळख इंटरनेटवरची. मी जळगावची. या छंदाची पुस्तकं मिळायची ती इंग्रजीत, आणि ती वाचताना माझं डोकं उठायचं. नानांचं पान मराठीत होतं. अँटेनाची तार दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर कशी मोजायची, बांबूला कशी बांधायची, सगळं हातचं न राखता लिहिलेलं. खाली लोक शंका विचारायचे आणि नाना दोन बोटांनी टाइप करत प्रत्येकाला उत्तर द्यायचे. कितीतरी जणांचा पहिला आवाज त्या पानाच्या जोरावर हवेत गेला. त्यात माझाही होता.

मागच्या वर्षी शिंदखेड्याचा योगराज पवार असाच पान वाचून बांबू उभा करत होता. बांबू कलला आणि अँटेनाची तार शेजारच्या विजेच्या तारेला लागली. जीव वाचला, पण उजव्या हाताची बोटं गेली. वेल्डिंगचं दुकान होतं त्याचं.

बातमी आमच्या ग्रुपवर आली तेव्हा नानांनी स्वतःचं पान पुन्हा वाचलं. विजेच्या तारांपासून लांब राहा, हे त्यात कुठेच नव्हतं. खांबावर जन्म गेलेला माणूस. त्याची नजर आपोआप आधी वर जायची, म्हणून ते लिहायला हवं हे सुचलंच नव्हतं. त्यांनी त्याच दिवशी पान पुसून टाकलं. स्वतःकडे प्रतही ठेवली नाही. गच्चीवरची तारही उतरवली.

मी फोनवर भांडले. "नाना, एक ओळ वाढवा ना! पान कशाला काढता?"

"ती ओळ आते तेले बोटं देई का?"

एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. चार महिने नाना कोणाशी बोलले नाहीत. शेवटी मीच चाळीसगावला गेले आणि त्यांना जवळजवळ ओढत एसटीत बसवलं. शिंदखेड्यासाठी धुळ्याला गाडी बदलली. वच्छलाबाईंनी दिलेला बिबड्यांचा, ज्वारीच्या पापडांचा, डबा नानांनी सगळी वाट मांडीवर धरून ठेवला होता.

योगराजच्या दारात ते उभेच राहिले. बसा म्हटलं तरी बसेनात.

"भाऊ, मन्हाकडथीन चूक व्हयनी," एवढंच म्हणाले.

योगराज कॉम्प्युटरसमोर होता. शेजारी नानांच्या पानाची छापील प्रत होती, दुकानातली, काळे डाग पडलेली. डाव्या हाताच्या एका बोटाने तो ती टाइप करत होता.

"नाना, पान काबर काढं तुम्ही?" तो चिडलाच होता. "आते लोकेस्नी काय देखानं? तुम्हनं बठ्ठं बरोबर शे. एकच ओळ कमी व्हती, ती मी वर टाकी."

पडद्यावर सगळ्यात वर लिहिलं होतं: 'आधी वर बघा. विजेची तार दिसली तर तिथे काही उभं करू नका. योगराज पवार, शिंदखेडा.'

नाना मग बसले. कीबोर्डकडे हात नेला, तर योगराजने कीबोर्ड आपल्याकडे ओढून घेतला.

"तुम्ही वाचा. मी लिखस."

नाना वाचू लागले. स्वतःचेच शब्द, पण दुसऱ्याचे असल्यासारखे हळू. तार मोजायचं झालं, बांधायचं झालं. बांबू उभा करायच्या ओळीपाशी त्यांनी कागद खाली ठेवला.

योगराज थांबला नाही. पडद्यावरची नजर न काढता त्याने ती ओळ एकेक अक्षर शोधत पुरी केली. ती त्याला पाठ होती.