शैलाचे गुडघे ठीक होते

माझी मैत्रीण शैला गेल्याचा फोन तिच्या मुलाने, मंदारने केला, तेव्हा मी डोंबिवलीच्या बाजारात मेथीची जुडी हातात घेऊन उभी होते. न्यूमोनियाचं निमित्त झालं, थोडे दिवस हॉस्पिटल, आणि संपलं. रडू तिथेच आलं. राग आला तो नंतर, शोकसभेत. तिचा पुतण्या माइक हातात घेऊन अगदी प्रेमाने सांगत होता, "काकूला शेवटी शेवटी भास व्हायचे. म्हणायची, गाडीचा ब्रेक दगड होतो." लोक हळूच हसले. मंदारही हसला. मला कुणी बोलायला बोलावलं नाही, म्हणून हे लिहिते आहे.

शैला पॅथॉलॉजी लॅबमधून निवृत्त झालेली. नवऱ्यामागे त्यांची जुनी गाडी तीच चालवायची, मला शेजारी बसवून. एकदा तिच्या बहिणीकडे जाताना घोडबंदर रोडला आम्ही बराच वेळ ट्रॅफिकमध्ये रखडलो. गाड्या हलल्या, पुढचा टेम्पो अचानक थांबला, आणि शैलाने ब्रेकवर पाय दिला तर पेडल खाली जाईना. तिने दोन्ही पाय रोवले, हँडब्रेक खेचला. टेम्पोच्या फळीपासून वीतभर अंतरावर आम्ही थांबलो. तिचे ओठ पांढरेफटक पडले होते. घरी पोचेपर्यंत पेडल पुन्हा नेहमीसारखं मऊ...

गॅरेजमध्ये नेली की ब्रेक उत्तम. परत नेली, परत उत्तम. मेकॅनिक म्हणाला, "काकू, पायात जोर कमी पडत असेल." मंदार म्हणाला, "आई, गुडघे दाखवून घे," आणि किल्ली घेऊन ठाण्याला स्वतःच्या घरी गेला. हीच तक्रार चाळिशीतल्या एखाद्या पुरुषाने केली असती तर आधी बॉनेट उघडलं असतं. शैलाने केली, म्हणून शैलाला तपासायचं. जन्मभर दुसऱ्यांचे रिपोर्ट काटेकोर तपासणाऱ्या बाईला स्वतःच्या पायाखालचं कळत नाही, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं.

ती ठाण्याला गेली. "गाडी माझ्या नावावर आहे, किल्ली दे," एवढंच म्हणाली आणि घेऊन आली. मला म्हणाली, "अगं, गॅरेज घराजवळ. तिथे गाडी गारच पोचते. मला त्रास होतो तो गाडी तापून उभी राहिल्यावर. मग त्याला दिसणार काय?"

त्या दिवशी तिने गॅरेजच्या दारात इंजिन बंदच करू दिलं नाही.

"काकू, फुकट पेट्रोल जळतंय."

"माझं जळतंय. तू बस."

इंजिन चांगलं तापलं. मग मेकॅनिकने ते बंद करून पेडल कडक होईपर्यंत दाबलं, पाय तसाच ठेवून गाडी सुरू केली. पेडल थोडं खाली बसायला हवं होतं. बसलं नाही. त्याने परत करून पाहिलं, आणि बॉनेट उघडलं. इंजिनपासून ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरकडे जाणारा रबरी पाइप त्याने कापून दाखवला. बाहेरून धडधाकट, आतून अस्तर सुटलेलं. तापून नरम झालं की इंजिनच्या ओढीने तेच आत खेचलं जाऊन वाट बंद करायचं, आणि पायाला मिळणारी मदतच थांबायची.

"सॉरी काकू."

"पुढच्या वेळी कुणी सांगितलं तर आधी गाडी बघ," शैला म्हणाली.

तिने मंदारला फोन केला. तो म्हणाला, "बरं झालं. पण आता तुझं वय झालंय, चालवू नकोस." तुझं बरोबर होतं, एवढे तीन शब्द त्याला जमले नाहीत. आजारी पडेपर्यंत ती गाडी चालवत होती, आणि ब्रेकने पुन्हा कधी दगा दिला नाही. हे त्या सभेतल्या एकालाही सांगावंसं वाटलं नाही...

गेल्या रविवारी गाडी बघायला गिऱ्हाईक आलं. मी पार्किंगमध्येच होते. "ब्रेक कसे आहेत?" त्याने विचारलं. मंदार चटकन म्हणाला, "एकदम चांगले. आईने स्वतः उभं राहून काम करून घेतलंय."

मी त्याच्याकडे बघितलं. "हे शोकसभेत का नाही बोललास रे?"

"मावशी, आत्ता नको," तो म्हणाला.

गिऱ्हाईक आत बसलं तर त्याचं पोट स्टिअरिंगला टेकलं. शैला बुटकी, सीट अगदी पुढे ओढून बसायची. सीट अजून तशीच होती. "थांबा, मी मागे घेतो," म्हणून मंदार खाली वाकला, कडी हातात धरली, आणि तसाच वाकून राहिला. त्याचे खांदे हलत होते. मला त्याचा राग तेव्हाही होता. अजून आहे.