काठावरचं गाणं

अहिराणी बॅटल रॅप पहिल्यांदा कुणी केलं, या प्रश्नावर खान्देशातली पोरं गेली सात वर्षं एकमेकांच्या उरावर बसली आहेत. धुळ्याची म्हणतात आमच्या झुलालनं केलं. जळगावची म्हणतात पारोळ्याच्या भूपेंद्रनं. मी पारोळ्याचा साऊंडवाला. भूपेंद्रचं ते गाणं माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत, खिडकीला गादी लावून रेकॉर्ड झालं. त्यामुळे पोरं मलाही विचारतात, आणि मी म्हणतो, कामाचं बोला. वरात कधी आहे?

पण आज सांगतो. गावांची नावं तेवढी सांगणार नाही.

भूपेंद्र वायरमन आहे, कंत्राटी. नदीच्या अलीकडचं त्याचं गाव आणि पलीकडचं त्याच्या बहिणीच्या सासरचं, दोन्हीकडचे खांब त्याच्याकडे. अंगानं किडकिडीत, बोलायला कमी. खांबावर चढला की मात्र गुणगुणत असतो. या माणसाच्या मोबाइलमध्ये परदेशातली दोन काळी पोरं समोरासमोर उभी राहून यमकात एकमेकांची आयमाय काढायची, आणि हा ते पाहून मला म्हणायचा, "नाना, हाई आम्हना बार शे!"

बार म्हणजे काय, ते बाहेरच्यांसाठी सांगतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात. गौराई नदीवर नेतात तेव्हा दोन गावांच्या बाया दोन काठांवर उभ्या राहतात आणि गाण्यात एकमेकींना शिव्या घालतात. साध्या नव्हे, घरातलं सगळं बाहेर काढणाऱ्या. पुरुषांनी तिथं जायचं नाही, लांब रस्त्यावर थांबायचं. आणि बारातलं बोलणं बारातच सोडून यायचं. दुसऱ्या दिवशी त्याच दोघी बाजारात भेटतात आणि एकमेकींना चहा पाजतात. याच्यापेक्षा शहाणा नियम मला कुठल्या सरकारनं केलेला माहीत नाही.

भूपेंद्रची आई भिकुबाई ही अलीकडची तोफ. पलीकडे तिच्या तोडीची एकच, शेवंताबाई. आणि ही शेवंताबाई म्हणजे भूपेंद्रच्या बहिणीची, ममताची, सासू! विहिणी-विहिणी. २०१७ च्या आखाजीला भूपेंद्रनं आपला मोबाइल चालू करून आईच्या पिशवीत टाकून दिला. तिला पत्ता नाही. तो आवाज त्यानं माझ्याकडे आणला. मी ऐकलं आणि अंगावर काटा आला. भिकुबाई श्वास न घेता बारा ओळी म्हणायची आणि तेराव्या जागी थांबून खाकरायची, ते खाकरणंसुद्धा तालात. त्यातली ही ओळ तुम्ही वरातीत ऐकलीच असेल:

पाव्हना दिसना का कुलूप लावस दारले,
भाकर मोजी मोजी वाढस पोटना पोरले!

भूपेंद्रनं त्या ओळी तशाच उचलल्या, तोच श्वास, तेच थांबणं. खाली ढोल मी टाकला. नाव भूपेंद्रचं. २०१८ च्या मार्चमध्ये गाणं सोडलं आणि महिन्याभरात ते धुळ्यापासून रावेरपर्यंत वाजायला लागलं. झुलालचं त्याच्या पंधरा दिवस आधी आलं होतं; पण आमची पोरं म्हणायची, भूपेंद्रनं आधीच्या वर्षीच गॅदरिंगला म्हटलं होतं. तिथून भांडणाला सुरुवात.

भिकुबाईनं ते कुणाच्या तरी हळदीत ऐकलं. घरी आली, भूपेंद्रसमोर बसली आणि एवढंच म्हणाली, "बारनं पानी तू घर आनं." म्हणजे नदीवरचं नदीवर सोडलं नाहीस. त्या वर्षी ती बाराला गेली नाही. पुढेही नाही. आणि ममताही तेव्हापासून आखाजीला माहेरी आली नाही. सासूनं पाठवलं नाही. घरच्या पुरुषांना कारण कळलं नाही. त्यांना वाटलं, काम असेल. दोन्ही गावांतल्या बायांना मात्र सगळं माहीत होतं: गाणं कुणाचं, शिवी कुणाला. एकीनंही तोंड उघडलं नाही, कारण बारातलं बाहेर बोलायचं नाही. भूपेंद्र पलीकडच्या गावात फ्यूज बसवायला गेला की बाया पाणी द्यायच्या, बशीत गूळ द्यायच्या, आणि बघत राहायच्या. तो मला म्हणायचा, "नाना, एखादी तरी शिवी द्या म्हनो. ह्या पानी देतस." गाव सोडावं तर नोकरी तिथंच. गाणं काढून टाकावं तर ते हजार मोबाइलांत गेलेलं. खांबावरून उतरायला त्याला वेळ लागायला लागला. मला राग यायचा त्याचा, आणि माझाही. गल्ला तर मीही भरला होता.

यंदा धुळ्याच्या पोरांनी एका हॉलमध्ये चर्चा ठेवली. झुलाल आणि भूपेंद्र समोरासमोर, यूट्यूबवर थेट. भूपेंद्र जाणार नव्हता. पण ममताचा नवरा, पितांबर, यानं मेहुण्यासाठी गावातली पोरं टेम्पोत भरली. "आम्हना शालाले कोनी हरावाव शे का!" म्हणाला. मीही टेम्पोत होतो.

झुलाल पोरगा चांगला. सरळ म्हणाला, मी हे मोबाइलवरून शिकलो, अमेरिकेतल्या पोरांकडून, फक्त भाषा माझी. मग सूत्रसंचालक भूपेंद्रकडे वळला. "तुम्ही कुणाकडून शिकलात?"

साधा प्रश्न. भूपेंद्रनं समोर पाहिलं. पहिल्या रांगेत पितांबर, छाती फुगवून. आता 'माझं मीच केलं' म्हणावं, तर आई घरी मोबाइलवर ऐकत असणार, धाकट्या सुनेनं लावून दिलं होतं. 'आईकडून' म्हणावं, तर पुढचा प्रश्न येणार की तिनं ते कुणाला म्हटलं होतं. आणि कुलपाची ती ओळ आपल्या आईवर आहे हे पितांबरला भर हॉलमध्ये कळणार. ममताला उरलेला जन्म त्याच घरात काढायचा होता.

"झुलालभाऊनं पहिलं," तो म्हणाला. "मी त्याचं ऐकून केलं."

धुळ्याची पोरं नाचली. पितांबर उठला आणि बाहेर गेला. त्या आठवड्यात भूपेंद्रला फोनवर इतकं काही ऐकून घ्यावं लागलं की त्यानं सिमकार्ड काढून ठेवलं. मला वाटलं, सुटला एकदाचा. खोटं का असेना, पण सुटला.

आखाजीला तीन दिवस होते. पलीकडच्या गावात एका घराची, खांबावरून येणारी, सर्व्हिस वायर जळाली. घर शेवंताबाईचं. भूपेंद्रनं वायर जोडली आणि शिडी उतरला, तर खाली म्हातारी उभी. पाणी नाही, गूळ नाही. पुढचं त्यानं मला त्याच दुपारी सांगितलं.

"शिवी माले दिन्ही ती तुन्ही मायनी," शेवंताबाई म्हणाली. "ती धुयाना पोऱ्याले काबर दी टाकी तू?"

हॉलमधलं तिच्या कानावर गेलं होतं. भूपेंद्रनं हात जोडले. "मावशी, चुकनं मन्हं. तुम्हले लागनं व्हई..."

"शिवीनं काय लागस रे? तीस वरीस खाई राह्यनू तुन्ही मायन्या शिव्या." म्हातारीनं नदीकडे हात केला. "मी उत्तर दिन्हं व्हतं ना तिले! ते तुन्हा गानामा कोठे शे? सात वरीसपासून बाया समजतस, शेवंतीले उत्तर सुचनं नही!"

मी दुकानात बसून हे ऐकलं आणि मला माझेच हात तोडावेसे वाटले. कारण उत्तर होतं. मोबाइल भिकुबाईच्या पिशवीत, त्यामुळे पलीकडचा आवाज बारीक येत होता. मी म्हणालो होतो, हा कचरा आहे, कापू. दोन काठांचं भांडण मी एका काठाचं केलं. नंतर कॉम्प्युटर बिघडला आणि मूळ रेकॉर्डिंगही गेलं.

भूपेंद्रनं तिला तिथंच विचारलं होतं, मावशी, आता सांगा, मी तेही म्हणतो. त्यावर ती म्हणाली, "बारनं बोलनं घरमा बोलतस का कोनी? तुन्ही मायले काठवर धाड."

त्यानं घरी जाऊन आईला जसंच्या तसं सांगितलं. भिकुबाई धान्य निवडत होती. सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "इतली वाट देखी का तिनी?" मग रडली.

आखाजीच्या दुपारी भिकुबाई सात आखाज्या चुकवून नदीवर गेली. आम्ही पुरुष रस्त्यावर उभे, वारा उलटा, एक शब्द ऐकू येईना. नुसत्या बायांच्या आरोळ्या आणि हसणं. तासाभरानं ती परत आली, घसा बसलेला, डोळ्यांत हसून हसून पाणी. आणि तिच्यासोबत ममता, पोराला कडेवर घेऊन. सासूनं स्वतः नदी ओलांडून आणून सोडली होती.

भूपेंद्र पुढे झाला. बहिणीच्या पाया पडला, आईच्या पडला. मग न राहवून विचारलं, "माय, काय उत्तर दिन्हं तिनी?"

भिकुबाईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला. लहानपणी फिरवत असेल तसा, मायेनं.

"तुले नही सांगाव, भाऊ," ती म्हणाली.

त्यानं ममताकडे पाहिलं. ममतानं मान खाली घातली.