वाफेचा दुभाष्या

"पयलं सांगा, कोन कोनाशी बोलत नाय?"

यंत्राच्या पॅनेलचं दार उघडण्याआधी तो हे विचारायचा. पाणी नको, चहा नको, आधी हा प्रश्न. आपण तक्रार सांगू लागलो की डोळे मिटून अशी मान हलवायचा, जणू आपण घरच्या सुनेची कागाळी करतोय आणि हा सोयरिकीतला मोठा माणूस निवाडा द्यायला बसलाय.

वयाने तो माझ्यापेक्षा मोठा. पण त्याला अहोजाहो करणारा माणूस मला तारापूर एमआयडीसीत भेटला नाही. तो मात्र सगळ्यांना 'तुमी' म्हणायचा. यंत्रांनासुद्धा. "का वो, आज रुसलात का?" असं त्याने एका पंपाला विचारलेलं मी स्वतः ऐकलंय.

कारखान्यातल्या बहुतेक यंत्रांच्या पॅनेलमध्ये पीएलसी नावाचा एक डबा असतो. यंत्राचा मेंदू म्हणा. अडचण अशी की हे मेंदू वेगवेगळ्या कंपन्यांचे आणि त्यांच्या भाषाही वेगळ्या. जुना मॉडबस बोलतो, नवा प्रोफिनेट बोलतो, आणि शेजारी शेजारी राहून दोघे एकमेकांना ओळख देत नाहीत. त्यांच्या मध्ये गेटवे नावाचा तिसरा डबा बसवायचा, इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे भाषा बदलून सांगेल असा तो तयार करायचा, हा याचा धंदा. म्हणून सगळे त्याला दुभाष्या म्हणत. ते त्याला आवडायचं. "आपल्यासारका मानूस पालघर जिल्ह्यात नाय," हे तो स्वतःच सांगून टाकायचा, दुसऱ्याला संधीच ठेवायचा नाही.

गाव त्याचं किनाऱ्यावरचं, घर मासेमारीचं. बोईसरच्या बाजारात मासळीवाल्यांशी तो आपल्या बोलीत भांडायचा, तिथून कारखान्यात येऊन कामगारांशी हिंदीत, आणि बोलता बोलता तुमचा डबा उघडून त्यातली भाजी संपवायचा. जेवणात हात घातल्याशिवाय ओळख पक्की होत नाही, असं त्याचं मत होतं. माझी ओळख त्याने फारच पक्की केली.

आता आमच्या कारखान्याची गत ऐका. मूळ कारखाना एकच, दोन भावांचा. वडील गेल्यावर वाटण्या झाल्या आणि मधोमध भिंत आली. बॉयलर थोरल्या शेठच्या बाजूला राहिला, पावडर वाळवणारा ड्रायर आमच्या, म्हणजे धाकट्या शेठच्या. वाफ भिंतीवरून पाइपाने यायची. भाऊ मात्र वाटणीच्या दिवसापासून एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. वाफेचा करार तेवढा दरवर्षी हिवाळ्यात नव्याने व्हायचा, तोही वकिलांमार्फत.

धाकट्या शेठनी नवा ड्रायर घेतला. पलीकडे वाफेचा दाब किती आहे, हे त्याच्या पीएलसीला सतत कळायला हवं होतं. बॉयलरचा पीएलसी जुना. मग दुभाष्याला बोलावणं गेलं.

"कोन कोनाशी बोलत नाय?"

"बॉयलर आणि ड्रायर," मी म्हटलं. मग आवाज खाली आणून, "आणि शेठ आणि शेठ."

त्याने डोळे उघडले. "मंजे दोन गेटवे लागतील."

पहिला त्याने पॅनेलमध्ये बसवला. दुसरा तो स्वतःच झाला. कामासाठी दोन्हीकडे जावं लागायचं, तेव्हा दोन्ही शेठ त्याच्याकडून निरोप धाडू लागले. एकदा मी त्याच्यासोबत पलीकडे होतो. थोरले शेठ कडाडले, "त्या दीडशहाण्याला सांग, बॉयलर माझा आहे!" आम्ही भिंतीला वळसा घालून आलो आणि याने धाकट्यांना गोड आवाजात सांगितलं, "दादा बोलतात, बॉयलर आपलाच हाय."

धाकट्या शेठनी चहाचा कप खाली ठेवला. "खरंच असं म्हणाला?"

"मी कशाला खोटं बोलू?" असं म्हणून याने त्यांच्या बशीतलं बिस्कीट उचललं.

आणि मग ड्रायर बिघडला. पावडर ओलीच बाहेर येऊ लागली. पलीकडे बॉयलरचा काटा दाब सात दाखवायचा, आणि आमच्या पडद्यावर आकडा नव्वदीच्या घरात. एवढा दाब म्हटल्यावर ड्रायर घाबरून वाफेचा व्हॉल्व्ह बंद करायचा. धाकटे शेठ म्हणाले, दादा मुद्दाम वाफ अंगावर सोडतोय. थोरले म्हणाले, माझा काटा सात दाखवतो, याला वाफच नको असेल तर लाइन कापतो. आणि त्यांनी तसं कळवलंही. लाइन कापली की ड्रायर बंद, आणि गिऱ्हाईक गेलं की बॉयलरही अर्धा बंद. भिंतीच्या दोन्ही बाजूंना शेजारच्या कुंभवली गावची माणसं कामाला होती, काही घरांतला एक भाऊ इकडे आणि एक तिकडे. सगळ्यांचे चेहरे उतरले.

दुभाष्याचा तर डबे खाण्यातला रसच गेला. वायर तपासली, गेटवे तपासला. सगळं ठणठणीत. "दोगंबी खरं बोलतात, मग भांडान कसलं?" एवढंच पुटपुटायचा.

एका दुपारी त्याला थोरल्या शेठनी बोलावलं. पलीकडचा रखवालदार म्हणाला, "सेठ दूसरे माले पे हैं." हा गेला आणि थेट गोदामात पोत्यांसमोर जाऊन उभा राहिला. झालं होतं असं, की पलीकडचे लोक तळमजल्यालाच पहिला माळा म्हणत. आम्ही तळमजला मोजत नव्हतो. हा आमच्या हिशेबाने चढला आणि एक मजला वर गेला.

शेठना न भेटताच तो धावत आमच्याकडे आला, आणि कपाळावर हात मारून इतका हसला की मला वाटलं, याचं डोकं फिरलं. "तळमजला मोजायचा का नाय, हेच भांडान!"

मग त्याने मला समजावलं. पीएलसीमध्ये प्रत्येक आकड्याला एक घर असतं. बॉयलरच्या कागदात घरं एकापासून मोजलेली, गेटवे मोजतो शून्यापासून. याने कागदावरचा नंबर जसाच्या तसा घातला आणि गेटवे एक घर पुढे जाऊन दार वाजवू लागला. तिथे राहत होतं पाण्याचं तापमान. आमचा ड्रायर इतके दिवस पाण्याच्या तापमानाला वाफेचा दाब समजून घाबरत होता. याने नंबर एकाने कमी केला. पडद्यावर सात आले.

इतर कोणी असता तर कागदाला, कंपनीला नाहीतर उंदराला दोष देऊन मोकळा झाला असता. आणि हा तर स्वतःची आरती स्वतः ओवाळणारा. पण तो दोन्हीकडे जाऊन उभा राहिला. आमच्याकडे म्हणाला, "शेठ, तुमी खरे, दादाबी खरे. मधला चुकला. मधला मंजे मी." मान खाली होती. त्या दिवशी मला तो फार मोठा वाटला.

धाकटे शेठ विचार करून म्हणाले, "मग दादाचे म्हणून जे निरोप तू आणायचास, ते?"

त्याने टेबलावरच्या बिस्किटांकडे पाहिलं, पण हात पुढे केला नाही. "त्यातबी एकादं घर इकडचं तिकडं झालं असंल."

शेठ रागावतील असं मला वाटलं. ते हसले. लाइन राहिली, आणि पुढचे करार वकिलांऐवजी यानेच पाहिले.

मागच्या हिवाळ्यात, करार व्हायच्या आधीच, तो गेला. छातीत दुखतंय म्हणाला, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मी त्या दिवशी डबा उघडला आणि तसाच बंद केला. कारखान्यात मात्र दोन्हीकडे एकच कुजबुज होती, आता वाफेचं काय?

आम्ही त्याच्या गावी गेलो. मी धाकट्या शेठबरोबर, थोरले आपल्या गाडीने. घरासमोर बोंबील वाळत होते. चटईच्या या टोकाला एक भाऊ, त्या टोकाला दुसरा. त्याची बायको म्हणाली, "घरात ते तुमा दोगांचंच बोलायचे."

निघताना अंगणात धाकटे शेठ मला हळूच म्हणाले, "दादाला विचार, यंदा वाफेचं काय करायचं."

मी सवयीने निघालो आणि मध्येच थांबलो. मागे वळून म्हटलं, "शेठ, मला नाही हो जमायचं त्याच्यासारखं."

त्यांनी चपला घातल्या आणि स्वतः अंगण ओलांडलं.

"दादा, वाफेचं..."

थोरल्यांनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "किती बारीक झालास रे," ते म्हणाले. मग आपल्या गाडीचं दार उघडून म्हणाले, "बस. वाटेत बोलू."

धाकट्यांच्या गाडीची किल्ली त्यांच्याच खिशात गेली, आणि मी कसा परत जाणार हे दोघांपैकी कोणालाही आठवलं नाही. मी रिक्षाची वाट बघत रस्त्यावर उभा होतो. गाडी माझ्या समोरून पुढे गेली. काचा वर होत्या, ऐकू काही आलं नाही. पण आत दोघेही एकाच वेळी बोलत होते.