ताटातलं नाव

मंगळवारी सकाळी जगदाळेबाई वारल्या. साडेनऊला सोसायटीचे सेक्रेटरी सप्रे खडू घेऊन माझ्या दारात आले. जिन्याखालच्या फळ्यावर निधनाच्या सूचना मी लिहितो, कारण मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली आणि माझं अक्षर लोकांना लागतं.

नाव काय लिहू, असं मी विचारलं. सप्रे म्हणाले, "जगदाळेबाई, बी-सात. सगळ्यांना कळेल." खाली 'कै. दत्तात्रय जगदाळे यांच्या पत्नी' असं टाकलं म्हणजे शंका राहणार नाही, हेही त्यांनी सुचवलं. आयुष्यभर दुसऱ्यांची नावं विचारत फिरलेल्या बाईंच्या वाट्याला फळ्यावर एक आडनाव, एक फ्लॅट आणि एक नवरा यायचा होता. मी खडू हातात घेतला आणि थांबलो.

बाई डोंबिवलीतल्या एका शाळेत बत्तीस वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झाल्या होत्या. पश्चिमेला, कोपरच्या बाजूला आमची सोसायटी. तिथे नवं बिऱ्हाड आलं की बाई तिसऱ्या दिवशी हजर. चहा होईपर्यंत पाण्याची वेळ, कचरेवाल्याची वेळ सांगायच्या, आणि कप हातात आला की घरातल्या बाईला विचारायच्या, "तुमचं लग्नाआधीचं नाव काय हो? आडनाव नको. नाव." मग पिशवीतून निळ्या पुठ्ठ्याची वही काढून ते लिहून घ्यायच्या.

आमच्याकडे लग्नात नवऱ्यामुलाने ताटातल्या तांदळावर अंगठीने बायकोचं नवं नाव लिहायची पद्धत आहे. मुलगी मांडवात एका नावाने येते आणि जेवणाची पंगत बसेपर्यंत दुसरी होते. तांदळाचं पुढे काय होतं ते कुणी पाहत नाही. बाईंचं म्हणणं असं की इतिहासातला परीक्षेला न येणारा भाग आधी वाचावा, आणि हा तो भाग.

आमची इमारत ज्यांच्या शेतावर उभी आहे त्या घरातली म्हातारी तेव्हा हयात होती. तिला सगळे 'बाल्याची आई' म्हणायचे. इमारतीला तिच्या नवऱ्याचं नाव आहे, गल्लीला सासऱ्याचं, कोपऱ्यावरच्या व्यायामशाळेला नातवाचं. बाईंनी विचारल्यावर ती बराच वेळ हसत राहिली आणि म्हणाली, "माजा नाव धर्मी. पन त्या नावानं हाक मारनारी मानसं सगली मेली." बाई त्यानंतर रोज भाजीला जाताना तिच्या ओट्यासमोर उभ्या राहून "धर्मीबाय, येते गं," असं म्हणायच्या. म्हातारी दाराआडून ओ द्यायची.

आमच्या सोसायटीत महिला दिन जोरात होतो. सगळ्या महिलांना त्या दिवशी विश्रांती असते, म्हणून त्या फक्त शंभर माणसांचे बटाटेवडे करतात. खुर्च्या पुरुष लावतात आणि नंतर त्यांवर बसतात. प्रमुख पाहुणेही पुरुषच असतात, कारण त्यांना वेळ असतो. एका वर्षी बाईंना 'स्त्रीवादाचा इतिहास आणि आजची गरज' या विषयावर बोलायला सांगितलं. पाहुण्यांचं भाषण चाळीस मिनिटं चाललं, त्यात स्त्री तीन वेळा देवी झाली आणि दोनदा नदी. मग सप्रे बाईंच्या कानाशी वाकून म्हणाले, "बाई, दहा मिनिटांत आटपा. वडे गार होतायत."

बाई म्हणाल्या, "दहा कशाला, तीन पुरे. पहिल्या पिढीने शाळेच्या वाटेवर अंगावर शेण घेतलं. दुसऱ्या पिढीने नोकरी केली, आधी घरातले चार डबे भरून. मग काहीजणी लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, आणि संध्याकाळी त्याच लाटण्यांनी पोळ्या केल्या. आज आपण म्हणतो, आम्ही आमच्या सुनेला सगळं करू देतो. जोवर कुणीतरी देतंय, तोवर माझा तास संपलेला नाही. झाला इतिहास. आता पुरुषांनी उखाणे घ्यायचे. बायकोचं माहेरचं नाव आलं पाहिजे. बक्षीस स्टीलचा डबा."

हॉलमध्ये फार मजा आली. सप्र्यांना आपल्या पहिल्या स्कूटरचा नंबर पाठ आहे. बायकोचं नाव मात्र त्यांना आठवेना. ते तिच्याकडे पाहू लागले तेव्हा ती खिडकीबाहेर पाहत होती. दुसरे एक गृहस्थ म्हणाले की आमचं लग्न घाईत झालं होतं. मग माझी पाळी आली. मी वाचणारा माणूस, घरात स्त्रियांवरची पुस्तकं एक अख्खा कप्पा भरून. लग्नात कल्याणच्या हॉलमध्ये मी तांदळात 'मानसी' लिहिलं होतं, कारण तेव्हा ते नाव मला साहित्यिक वाटायचं. आधीचं नाव नदीचं होतं, हेही मला पक्कं ठाऊक होतं. मी यमक जुळवलं आणि ठणकावून म्हटलं, गोदावरी.

माझी बायको मागच्या रांगेतून म्हणाली, "गोदावरी माझी मावशी. मी यमुना."

लोक टाळ्या वाजवून हसले. ती हसली नाही. वड्यांचं ताट घेऊन ती सगळ्यांच्या समोरून गेली आणि मला तिने दोन वडे जास्त वाढले. त्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही. नंतर जिन्यात मी बाईंना म्हणालो, एवढ्या वर्षांत विसरलो असेन. बाई म्हणाल्या, "विसरायला आधी माहीत असावं लागतं. लिहिण्यापूर्वी विचारलं होतंत का तिला?"

हा त्यांचा ठरलेला प्रश्न होता. विचारलं होतं का? शाळेत सरस्वतीपूजनाला मुलींनीच रांगोळी काढायची असं ठरलं, की बाई शिक्षकांच्या खोलीतून विचारायच्या, मुलींना विचारलं होतं का? सप्र्यांच्या मुलाचं लग्न झालं तेव्हाही हेच. सून तन्वी ठाण्याच्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. ती आधीच बाईंना म्हणाली होती, "बाई, ते सगळं तुमच्या वेळेला. आमच्यात फुल इक्वल आहे." पण मांडवात ताट आलं. ताट फक्त फोटोपुरतं आहे, असं सप्रे सगळ्यांना सांगत होते. फोटोपुरतं 'रेवा' लिहिलं गेलं, आणि संध्याकाळी स्वागत समारंभात सासूबाई हाका मारत होत्या, "रेवा, अगं पाहुण्यांना पाणी दे."

बाई व्यासपीठावर गेल्या. ताट अजून तिथेच मांडलेलं होतं. ताटातले तांदूळ त्यांनी तळहाताने सारखे केले आणि तन्वीला विचारलं, "काय लिहू?" फोटोग्राफर कळवळून म्हणाला, "काकू, आता लाइट परत सेट करावा लागेल." तन्वी आधी नवऱ्याकडे पाहत राहिली, मग हळूच म्हणाली, "तन्वीच." बाईंनी लिहिलं. सप्रे त्यानंतर दोन महिने बाईंशी बोलले नाहीत. तन्वीने मात्र दर रविवारी बाईंकडे जायला सुरुवात केली. तिच्या दारावर तिचं नाव आहे, आणि सासूबाई तिला अजून रेवाच म्हणतात.

तर त्या मंगळवारी मी खडू घेऊन उभा होतो. माझ्या मनात आलं की बाईंचा मान राखायचा तर फळ्यावर त्यांचं माहेरचं नावच लिहावं. कुणाला ते माहीत नव्हतं. सगळ्या इमारतीची नावं गोळा करणाऱ्या बाईंना ते विचारावं असं आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. विठ्ठलवाडीहून त्यांची भाची आली होती, तिलाही मावशी एवढंच ठाऊक. तिने कपाटातून निळी वही काढून दिली. पहिल्या पानावर बाईंच्या अक्षरात लिहिलं होतं:

"नकुसा. चौथी मुलगी म्हणून वडिलांनी ठेवलं. लग्नात ताट आलं तेव्हा ह्यांनी अंगठी हातात धरून मला विचारलं, तुला काय आवडेल? मला तोवर कुणी काही विचारलं नव्हतं. मी म्हटलं, सुलभा. वर्गात एक सुलभा होती, तिला सगळे हाक मारून खेळायला बोलवायचे."

मी ते दोनदा वाचलं. मला वाटत होतं की आधीचं नाव खरं आणि तांदळातलं खोटं. इतकी वर्षं बाई ते शिकवतच नव्हत्या. माझा अभ्यास पुन्हा चुकला होता, आणि या वेळी चूक फळ्यावर, सगळ्यांच्या देखत होणार होती. पूर्ण आदराने मी त्यांना पुन्हा नकुसा करून टाकणार होतो.

मी लिहिलं, सुलभा जगदाळे, इतिहासाच्या शिक्षिका. सप्रे मागे उभे होते. नवऱ्याचं नाव राहिलं, असं ते म्हणाले. मी म्हटलं, दत्तात्रयरावांना चाललं असतं. अंत्ययात्रेला खांदा द्यायला तन्वी पुढे झाली, तेव्हा एक-दोघे कुजबुजले आणि मग गाडीची वेळ झाली म्हणून गप्प बसले.

घरी येऊन मी आंघोळ केली. बायको भांडी लावत होती. मी तिच्यासमोर उभा राहिलो आणि विचारलं, "तुला काय म्हणू? यमुना, मानसी, की आणखी काही?"

ती हातातलं पातेलं पुसत राहिली. म्हणाली, "छत्तीस वर्षांनी विचारताय. मलाही जरा वेळ लागेल. विचार करून सांगते."

याला आता चार महिने झाले. बाईंच्या फ्लॅटमध्ये नवं बिऱ्हाड आलं आहे आणि तिसऱ्या दिवशी तन्वी तिथे जाऊन आली. वही तिच्याकडे आहे. माझ्या बायकोने अजून काही सांगितलेलं नाही. तोवर मी तिला आतल्या खोलीतून हाक मारत नाही. काही हवं असलं तर उठतो, ती असेल तिथे जातो आणि बोलतो.