टायपिस्ट हवी की सून

रेवसच्या धक्क्यावर आम्ही लाँचची वाट बघत उभ्या होतो तेव्हा आईची हिरवी इरकल कुसुमताईच्या अंगावर होती आणि माझ्या अंगावर माझीच जुनी साडी. "तुला काय, काय पन चालतं," म्हणून आईने माझं तोंड बंद केलं होतं. महाराष्ट्र राज्य व्हायला अजून वर्ष-दोन वर्षं होती. आम्ही दोघी मुंबईच्या एकाच कंपनीत टायपिस्टच्या मुलाखतीला निघालो होतो. जागा एकच.

कुसुमताई माझी चुलत बहीण. आईबाप लहानपणीच गेले म्हणून आमच्याकडे वाढली. पाच ठिकाणची माणसं तिला बघून गेली होती, होकार कुणाचाच नव्हता. नोकरी नाही लागली तर पेणच्या एका दोन मुलांच्या बिजवराला हो म्हणायचं, असं घरात ठरलं होतं. मला हे सगळं माहीत होतं. तरीही लाँचमध्ये बसल्या बसल्या माझ्या मनात इरकलच होती. टायपिंग माझं जास्त चांगलं, असं मी स्वतःला बजावत होते.

साहेबाने वेळ वाचवायला दोघींना एकदमच आत बोलावलं. तोंडात पान, अर्जांवर चहाचा कप. मशीन कोपऱ्यात झाकलेलंच होतं, त्याच्याकडे त्याने बघितलंही नाही. स्वयंपाक येतो का? केस खरे आहेत का? मग कुसुमताईला म्हणाला, "त्या खिडकीपर्यंत चालून दाखवा बरं." ती चालली, पदर सावरत, सवयीने. मग मला म्हणाला, "आता तुम्ही."

मी उठलेच नाही. "साहेब, तुम्हाला टायपिस्ट हवी आहे की सून?"

त्याने पान गालात सरकवलं. "जीभ एवढी चालते, तर बोटं बघायची गरज नाही," म्हणाला आणि माझा अर्ज बाजूला टाकला. आणि कुसुमताईने काय करावं? निघताना, बघायला आलेल्यांपुढे वाकायची तशी वाकून, त्याला चक्क नमस्कार केला. साहेब खूश. आठ दिवसांत पत्र आलं, तिच्या नावाने.

मुलाखतीहून नागावला, घरी परतल्यावर मी झालं ते सांगितलं होतं. बाबा वाडीत शिंपण करत होते. "बरं केलंस," म्हणाले. "घर हाय तुजं. बस निवांत." पुढे वर्षभराने मला ठाण्याला शाळेत नोकरी लागली आणि मीही गाव सोडलं. पण त्या वर्षात कुसुमताई सुट्टीत आली की माझ्या पोटात दुखायचं. तिची पर्स, तिचं मनगटी घड्याळ, लेडीज होस्टेलच्या गोष्टी, बोलण्यात सहज येणारं 'आमचं ऑफिस'. आई तिने आणलेली साखर गल्लीभर वाटायची. वाकली म्हणून मिळालं, असं मी मनात घोकायचे. माझं ते सुनेचं वाक्य मात्र मी पुढे शाळेच्या स्टाफरूममध्ये कितीतरी वेळा मिरवलं.

एकदा ती ठाण्याला माझ्याकडे आली होती. आम्ही वाल सोलत बसलो होतो. तिला बढती मिळाल्याचं ती सांगत होती आणि माझ्याच्याने राहवलं नाही. म्हटलं, "तू वाकलीस, म्हणून लागली नोकरी."

"व्हय," ती म्हणाली. वाल सोलायचे काही थांबले नाहीत. "तो मला अजून सूनबाई म्हनतो, समद्यांसमोर. रोज तुजं ते वाक्य तोंडापर्यंत येतं. पन तू बोललीस आनि काकांकडं गेलीस. मी बोलून कुठं गेले असते? पेनला?"

मी उठून चहा ठेवला.

आमच्यातले जे नागावला राहिले ते विचारतात, आता घर कुठलं म्हणायचं, ठाणं की गाव? बाबा गेले, वाडीची वाटणी झाली, मी चार दिवसांच्या वर तिथे राहत नाही. पण त्या साहेबासमोर मी जे बोलले ते नागावच्या घराच्या जिवावर बोलले, आणि इतकी वर्षं ते माझंच धाडस समजत होते. कुसुमताई त्याच घरात जेवली, त्याच घरात निजली, तरी तिला ते तसं कधी मिळालं नाही. माझा हेवा तिनेही केला असणार. पण तिने तो एकदाही दाखवला नाही, आणि खरं सांगायचं तर आता मला तिच्या त्या न दाखवण्याचाच हेवा वाटतो.