कानाच्या परीक्षेत मी कॉपी केली

"ताई, कालचा तुमचा रिपोर्ट खोटा आहे." डॉक्टरीणबाईंनी मास्क खाली ओढला आणि सावकाश सांगितलं, "तुम्हाला ऐकू येत नाही. तुम्ही बघून बघून बटण दाबलंत."

घ्या! पंचेचाळिसाव्या वर्षी कॉपी करताना पकडली गेले, तेही वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात, नवऱ्यासमोर. आजाराचं नाव सेन्सरीन्यूरल हिअरिंग लॉस. म्हणजे कानाचा पडदा धड, पण आतल्या पेशींना मार बसलेला.

मी समुद्रपूरकडे एका जिनमध्ये काम करते. कापसातून सरकी वेगळी करणारी मशीनं दिवसभर धडधडत असतात. तिथं तोंडानं कोणी बोलत नाही. पाणी हवं तर अंगठा ओठाला, मुकादम आला तर हात कपाळाला. बाकी सगळं ओठ पाहून कळतं. आणि आवाज लागू नये म्हणून आम्ही बाया कानात रुईचा बोळा घालतो. रुईला काय तोटा, पायाखाली पडलेली असते.

यंदा गाठी बांधायच्या मशीनचा हवेचा पाइप माझ्या शेजारी फुटला. बंदूक झाडल्यासारखा आवाज झाला आणि दोन्ही कानांत शिट्टी सुरू झाली. मी काय केलं? बोळा आणखी मोठा केला. चार दिवस कोणाला बोलले नाही. बहिरी बाई जिनमध्ये ठेवतील का, ही एक धाकधूक होतीच.

पकडलं आमच्या ह्यांनी. काचबिंदूनं ह्यांची नजर सहा वर्षांपूर्वी गेली. माणूस कुठे तोंड करून बोलतो, हे ह्यांना नुसत्या आवाजावरून कळतं.

"समोर असली तं जवाब देते. पाठ केली का तुले ऐकूच येत नाई," हे म्हणाले. "काऊन लपवून राह्यली?"

तेव्हा मात्र विचार केला. ह्यांनी हाक मारली आणि मी चुलीकडे तोंड करून असले तर? मी पाठमोरी आहे हे ह्यांना दिसणार नाही, आणि हाक मला ऐकू येणार नाही. एका घरात राहून आम्ही एकमेकांना सापडणार नव्हतो. दुसऱ्याच दिवशी एसटी धरली.

दवाखान्यात आमची वरातच होती. नाव पुकारलं की हे माझा हात दाबायचे, मग मी ह्यांना धरून दारापर्यंत न्यायची. पहिली तपासणी ऑडिओमेट्री. काचेच्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसायचं आणि आवाज आला की बटण दाबायचं. काचेपलीकडची मुलगी आवाज सोडताना तिचं कोपर किंचित हलायचं. माझी नजर जिनमधली. कोपर हललं की मी बटण दाबलं. निम्मी सवय, निम्मी भीती. रिपोर्ट चांगला आला म्हणून मी खूशही झाले, इतकी शहाणी!

पण डॉक्टरीणबाई मास्कमधून बोलल्या तेव्हा मी नुसती बघत राहिले. त्यांना शंका आली. दुसऱ्या दिवशी ओएई नावाची तपासणी केली. हिच्यात बटण नसतं. कानात छोटी नळी घालून बारीक टिकटिक सोडतात, आणि कान आतून स्वतः बारीक आवाज परत देतो. माझ्या कानांनी जवळजवळ काहीच परत दिलं नाही.

मग बाईंनी चित्र काढून दाखवलं. कानाच्या आत कॉक्लिया असते, गोगलगाईच्या शंखासारखी नळी. तिच्यात हेअर सेल्स असतात, म्हणजे डोक्यावर बारीक केसांसारखे तुरे असलेल्या पेशी. आवाजानं तुरे हलतात आणि मेंदूला खबर जाते. त्यातल्या बाहेरच्या रांगेतल्या पेशी लांब-आखूड होऊन नाचतात आणि बारीक आवाज मोठा करतात. परत येणारा आवाज त्यांच्याच नाचण्याचा.

"मेलेली पेशी माणसात परत येत नाही. कोंबडीच्या कानात येते," बाई म्हणाल्या. "पण नुसती दुखावलेली असेल तर सावरू शकते. तुमच्या किती कशा आहेत, ते थांबल्यावरच कळेल."

माझ्या घरी सात कोंबड्या आहेत. त्या महिन्यात मी त्यांच्याकडे फार जळून पाहिलं.

स्टेरॉईडच्या गोळ्या दिल्या, आतली सूज उतरवायला. रोज सकाळी घ्यायच्या, मग हळूहळू कमी करायच्या, मनानं बंद करायच्या नाहीत. साखर तपासत राहायची. जिनमध्ये पाऊल टाकायचं नाही. रुईच्या बोळ्यानं असा आवाज अडत नाही हेही तेव्हाच कळलं. इतकी वर्षं मी कानात नुसता भरवसा कोंबत होते.

म्हणून जिनमधल्या, दालमिलमधल्या, बँडमधल्या सगळ्यांना सांगते: कानात शिट्टी वाजायला लागली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि तपासणीच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसा.

महिन्याभरानं मी तशीच बसले. नंतर ओएई झाली. बाईंनी पडद्यावरच्या रेघा दाखवल्या. बऱ्याचशा पेशी सावरल्या होत्या. वरच्या पट्टीतल्या, पाखरांच्या चिवचिवाटाच्या, गेल्या त्या गेल्याच. कामावर जायचं तर कान झाकणारे इअरमफ घालूनच, अशी चिठ्ठी त्यांनी मालकाच्या नावे दिली. त्यांनी आणि त्या काचेपलीकडच्या मुलीनं मला एका शब्दानं रागावलं नाही, हे उपकार मी विसरणार नाही.

हे बाहेर बाकावर बसले होते. ह्यांच्या सँडलचा पट्टा सुटला होता, तो लावायला मी खाली वाकले.

ह्यांनी हळूच विचारलं, "का म्हने बाई?"

"बरं हाये म्हने. थोडं गेलं ते गेलं," मी पट्टा ओढता ओढता सांगितलं.

मग ह्यांचा हात चाचपडत माझ्या डोक्यावर आला, तिथून पाठीवर.

"तू खाली पाहून राह्यली होती न?"

पट्टा केव्हाच लागला होता.

"बोला न अजून काई," मी म्हटलं, आणि मान वर केली नाही.